सतरा गिगाहर्ट्झवरचा सूर्य : रेडिओतून प्रॉमिनन्स कसे पाहायचे आणि मोजायचे

खग्रास ग्रहणाच्या फोटोत काळ्या तबकडीच्या कडेला गुलाबी जिभांसारखं काहीतरी बाहेर आलेलं असतं. ते प्रॉमिनन्स. वर्तमानपत्रं त्यांनाही ‘सौरज्वाला’ म्हणून मोकळी होतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. सौरज्वाला म्हणजे फ्लेअर, अचानक होणारा भडका. प्रॉमिनन्स भडका नाही. दहा-वीस लाख अंशांच्या प्रभामंडलात, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ वातावरणात (कोरोना), चुंबकीय क्षेत्राच्या झोळीत लोंबकळणारा, अवघ्या ८,००० केल्व्हिनच्या आसपासचा दाट वायू म्हणजे प्रॉमिनन्स. शेजाऱ्यांच्या मानाने तो थंडगार असतो, आणि रेडिओत तो दिसतो तो या थंडपणामुळे आणि दाटपणामुळेच.

मी हा उद्योग कल्याणच्या एका गच्चीवर, जुन्या डीटीएचच्या डिशपासून सुरू केला. ‘घरच्या डिशने प्रॉमिनन्स दिसेल का?’ असं मला हमखास विचारतात. नाही दिसणार. का नाही, हे खाली आकड्यांत येईलच. पण साधा संगणक आणि इंटरनेट असेल तर खऱ्या रेडिओ दुर्बिणीची चित्रं उघडून प्रॉमिनन्सची उंची, वेग, तापमान आणि अंदाजे घनताही स्वतः काढता येते. ते कसं करायचं, ते सांगतो.

आधी गणित, नाहीतर पुढे सगळं अंधारात

इलेक्ट्रॉन आयनाजवळून जाताना वळतो आणि वळताना रेडिओ लहर सोडतो. प्रॉमिनन्सचा रेडिओ उजेड हा एवढाच. वायू या लहरींना किती अपारदर्शक आहे ते सांगणाऱ्या आकड्याला टाऊ म्हणतात. टाऊ इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गाने वाढतो, तापमानाच्या दीड घाताने घटतो आणि वारंवारतेच्या वर्गानेही घटतो. म्हणजे दाट आणि थंड वायू अपारदर्शक, विरळ आणि तप्त वायू पारदर्शक.

आकडे घालून पाहू. प्रॉमिनन्समध्ये दर घन सेंटीमीटरला १,००० कोटी इलेक्ट्रॉन, जाडी ५,००० किलोमीटर, तापमान ८,००० केल्व्हिन आणि वारंवारता १७ गिगाहर्ट्झ घेतली, तर टाऊ १९च्या आसपास येतो. म्हणजे भिंतच. भिंतीचं ब्राइटनेस टेंपरेचर, म्हणजे रेडिओतली चमक तापमानात मांडणारा आकडा, हे तिचं स्वतःचं तापमान, ८,००० केल्व्हिन. आता प्रभामंडल घ्या: १० कोटी इलेक्ट्रॉन, १० लाख केल्व्हिन, जाडी एक लाख किलोमीटर. टाऊ येतो ०.००००५. दहा लाखांतले जेमतेम ५० केल्व्हिन आपल्यापर्यंत पोचतात!

त्यामुळे १७ गिगाहर्ट्झवर सूर्याच्या कडेबाहेरचं आकाश काळं पडतं आणि त्यात ‘थंड’ प्रॉमिनन्स उजळून उठतो. हाच प्रॉमिनन्स तबकडीसमोर आला, म्हणजे फिलामेंट झाला, की मागची तबकडी १०,००० केल्व्हिनची आणि पुढचा पडदा ८,०००चा. फरक इतका थोडा की नवख्या डोळ्याला तो सापडतच नाही. म्हणून सुरुवातीला फक्त कडेवरचं काम करायचं.

एच-अल्फा, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेचाच उजेड घेणाऱ्या दुर्बिणीतून हेच जास्त देखणं दिसतं, मग रेडिओ कशाला? एक कारण ढग. जुलैत कल्याणला एच-अल्फा दुर्बीण घेऊन बसणाऱ्याला माझा नमस्कार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्रॉमिनन्स उडाला आणि त्याचा काही भाग आपल्या दिशेने सेकंदाला ६० किलोमीटरने यायला लागला, की डॉपलरमुळे ६५६.३ नॅनोमीटरची रेषा साधारण १.३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) सरकते. हौशी दुर्बिणीतलं फिल्टर अर्धा-पाऊण अँगस्ट्रॉम रुंद असतं. प्रॉमिनन्स आहे तिथेच असतो, फिल्टरमधून मात्र गायब होतो. रेडिओच्या या उत्सर्जनाला रेषाच नाही, त्यामुळे ते सरकून निसटण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय उडताना वायू तापला तरी रेडिओत तो बराच वेळ टिकून राहतो. उद्रेकाचा पाठलाग करायचा असेल तर रेडिओच बरा.

कुठली दुर्बीण

पुण्याकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: नारायणगावजवळ खोडदला एवढी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यातून नाही का दिसत? ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत तिथे, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पण ती साधारण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झवर चालते. वारंवारतेचा वर्ग टाऊच्या सूत्रात खाली आहे हे आठवा. वारंवारता कमी केली की प्रभामंडल स्वतःच अपारदर्शक व्हायला लागतं आणि मीटरच्या तरंगलांबीवर तर सूर्य म्हणजे दहा लाख अंशांचं धुकं होतो. त्या धुक्यात प्रॉमिनन्स उजळ दिसत नाही. फार तर फिलामेंटभोवतीच्या विरळ पोकळीमुळे एक फिकट खड्डा दिसतो. जीएमआरटीने सूर्याची निरीक्षणं झाली आहेत, पण ती प्रभामंडलासाठी.

कल्याणकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक इथेच झाला, तोही सूर्यावर. गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिलहून मिळालेल्या १.८ मीटरच्या ३२ डिश १९६५ मध्ये कल्याणजवळ ओळीने उभ्या केल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहिला. आज स्टेशनाबाहेर कुणाला विचारलंत तर रिक्षावाला तुम्हाला भलतीकडेच सोडेल.

आपल्या कामाची दुर्बीण जपानमध्ये आहे, नोबेयामा रेडिओहेलिओग्राफ. ८० सेंटीमीटरच्या ८४ डिश इंग्रजी ‘टी’च्या आकारात, पूर्व-पश्चिम ४९० मीटर आणि उत्तर-दक्षिण २२० मीटर. १९९२ च्या जूनपासून १७ गिगाहर्ट्झवर रोज अख्खा सूर्य, पुढे ३४ गिगाहर्ट्झचीही जोड. ३१ मार्च २०२० ला ती बंद झाली. पण जवळजवळ २८ वर्षांची चित्रं मागे आहेत आणि ती कुणालाही उघडता येतात. शिकायला याहून चांगलं दप्तर नाही.

चिलीतली अल्मा ही रेडिओ दुर्बीण म्हणजे वेगळीच चीज आहे. १०० गिगाहर्ट्झवर तिने २०१८ च्या एप्रिलमध्ये एका शांत प्रॉमिनन्सचे धागेदोरे टिपले. मात्र तिचं दृष्टिक्षेत्र जेमतेम एक आर्कमिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. प्रॉमिनन्स नेमका कुठे आहे हे आधी माहीत हवं, आणि उडाला तर तो चौकटीबाहेर.

गच्चीवरची डिश : काय दिसतं, काय नाही

हा टप्पा वगळला तरी चालेल, पण मी म्हणेन वगळू नका. दिवसाउजेडी आकाशातून आलेला सिग्नल स्वतः पाहिला की पुढची चित्रं नुसती चित्रं राहत नाहीत.

६० सेंटीमीटरची डीटीएच डिश, तिच्यावरचा एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) आणि केबलवाल्यांकडे मिळणारा, सिग्नलचा जोर काट्यावर दाखवणारा सॅट-फाइंडर एवढं पुरतं. डिश ऑफसेट असते, म्हणून ती सूर्याकडे वळली की एलएनबीची सावली डिशच्या मध्यावर पडत नाही, खालच्या काठाशी पडते. ती सावली बघून नेम धरायचा, सूर्याकडे बघून नाही. डिश चकचकीत असेल तर तिला मॅट रंग मारा, नाहीतर उन्हाने एलएनबीचं प्लास्टिक मऊ होतं. सूर्य जिथे वीस मिनिटांनी येणार तिथे डिश रोखून सोडून द्या. १२ गिगाहर्ट्झला तिचा झोत, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, सुमारे तीन अंशांचा आणि सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणून काटा हळूहळू चढतो आणि तसाच उतरतो. दोन-तीनशे केल्व्हिनची ही वाढ अगदी ठसठशीत दिसते. दर वर्षी मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास टीव्हीचं चित्र दुपारी काही मिनिटं फुटतं, तेही हेच: सूर्य उपग्रहाच्या मागे येतो.

नोंद ठेवायची तर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, लावा. इथे मी माती खाल्ली, तुम्ही खाऊ नका. एलएनबीला केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट जातात. मी मधे डीसी ब्लॉक (सिग्नल जाऊ देणारा पण ही वीज अडवणारा जोड) न घालता डोंगल जोडला. जळक्या प्लास्टिकचा बारीकसा वास आला आणि हिरवा दिवा विझला, तो कायमचा. सोपी युक्ती अशी की दोन आउटपुटचा एलएनबी घ्यावा, एक वायर सेटटॉप बॉक्सला (वीज तो देईल) आणि दुसरी डीसी ब्लॉकमधून डोंगलला.

आता प्रॉमिनन्स का दिसत नाही ते. ५०,००० किलोमीटर उंचीचा प्रॉमिनन्स आकाशात एक आर्कमिनिटाच्या जरा वर असतो आणि आपल्या डिशचा झोत १८० आर्कमिनिटांचा. एक आर्कमिनिट वेगळं दिसायला १२ गिगाहर्ट्झला ८५ मीटरची डिश लागेल, किंवा तेवढ्या अंतरावर जोडलेल्या लहान डिश. बरं, वेगळा न दिसता एकूण सिग्नलमध्ये तरी जाणवेल? मोठ्या प्रॉमिनन्सचं क्षेत्र तबकडीच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. एलएनबी उन्हात तापला तरी सिग्नल त्याहून जास्त हलतो.

घटना निवडणे

आता खऱ्या कामाला लागू. नोबेयामाचा दिवस साधारण २२:४५ ते ०६:३० जागतिक वेळ, म्हणजे आपल्याकडे पहाटे सव्वाचार ते दुपारी बारा. त्या वेळात सूर्याच्या कडेवर घडलेला उद्रेक हवा. शोधायच्या दोन वाटा आहेत. नासाच्या सीडॉ संकेतस्थळावर १९९६ पासूनच्या प्रभामंडलीय उत्क्षेपांची, म्हणजे सीएमईंची (प्रभामंडलातून अवकाशात फेकल्या गेलेल्या वायूच्या ढगांची) यादी आहे. तिच्यातून कडेजवळची, रुंद आणि सावकाश निघालेली सीएमई घ्या. २०१० नंतरची तारीख असेल तर सूर्यावर नजर ठेवणाऱ्या एसडीओ उपग्रहाच्या ३०४ अँगस्ट्रॉमच्या (अतिनील) चित्रफिती चाळा. तिथे प्रॉमिनन्स डोळ्यांनीच सापडतो.

सीएमईची यादी हाताशी का ठेवायची? २००३ मध्ये गोपालस्वामी आणि सहकाऱ्यांनी नोबेयामाचे १८६ प्रॉमिनन्स-उद्रेक तपासले. त्यातले १५२ सरळ वर गेलेले, ३४ आडवे सरकलेले, आणि १३४ उद्रेकांबरोबर, म्हणजे ७२ टक्क्यांबरोबर, सीएमई स्पष्ट सापडली. म्हणून यादीतून सुरुवात केली तर हात रिकामा राहण्याची शक्यता कमी.

एक खड्डा: तारीख. आपल्या १२ तारखेच्या पहाटे साडेचारला जागतिक वेळेत ११ तारखेचे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मी एकदा चुकीच्या दिवसाच्या फाइलींत दोन तास एक उद्रेक शोधत बसलो होतो. सूर्य इतका शांत होता की त्यावर लेखच लिहावा वाटलं. वहीत सगळ्या वेळा जागतिकच लिहा.

चित्र उघडणे आणि मोजणे

फाइली फिट्स प्रकारच्या असतात, खगोलशास्त्रात चित्रं साठवायची ही नेहमीची पद्धत. डीएस-नाइन हा मोफत प्रोग्रॅम पुरतो, पायथन येत असेल तर त्यातली अ‍ॅस्ट्रोपाय आणि सनपाय ही तयार साधनं. १७ गिगाहर्ट्झच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलचा आकडा थेट केल्व्हिनमध्ये असतो, ही मोठी सोय.

पहिल्यांदा उघडाल तेव्हा बहुधा काळं चित्र आणि एखादा पांढरा ठिपका दिसेल. घाबरू नका. सक्रिय प्रदेशात फ्लेअर चालू असेल तर तिथे लाखो केल्व्हिन असतात आणि प्रोग्रॅम आपसूक त्या मापाने रंग वाटतो. रंगाची वरची मर्यादा १२,००० केल्व्हिनला आणि खालची शून्याला बांधा. तबकडी एकदम उगवते, सपाट, बेसनाच्या वडीसारखी. मग कडेवरून नजर फिरवा. बाहेर दोन-चार हजार केल्व्हिनचा मऊ काठाचा डाग दिसला तर तो तुमचा उमेदवार.

पिक्सेल ४.९१ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) असतो. सूर्यावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर, म्हणून एक पिक्सेल सुमारे ३,५६० किलोमीटरचा. तबकडीच्या केंद्रापासून प्रॉमिनन्सच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा, पिक्सेल मोजा, त्रिज्या वजा करा. त्रिज्या मात्र दृश्य सूर्याची घेऊ नका. १७ गिगाहर्ट्झवर कड दहा-पंधरा आर्कसेकंद बाहेर असते, ती त्याच चित्रावरून ठरवा. माथा कुठे धरायचा? मी २,००० केल्व्हिनची समोच्च रेषा, म्हणजे तेवढाच आकडा असलेले बिंदू जोडणारी रेघ, धरतो. तुम्ही दुसरी धरा, पण सगळ्या चित्रांत तीच ठेवा. माथा डोळ्याने ठरवला की दर चित्रात तो थोडा थोडा आपल्याला हव्या त्या दिशेला सरकतो, हा माझा अनुभव.

समजा माथा ०२:०० ला कडेपासून ४० पिक्सेलवर होता आणि ०२:३० ला ७० वर. ३० पिक्सेल म्हणजे १,०६,८०० किलोमीटर, भागिले १,८०० सेकंद, वेग सेकंदाला ५९ किलोमीटर. पण दोन चित्रांवर समाधान मानू नका. दर दहा मिनिटांची सात-आठ चित्रं घेऊन उंची आणि काळाचा आलेख काढा. बहुतेक उद्रेकांत तो आधी रेंगाळतो आणि मग वाकून वर उठतो. ते वाकण अंगठ्याने झाकून सरासरी काढली तर पाहण्यासारखी गोष्टच गेली. आणि हा वेग आकाशाच्या प्रतलातला आहे, खरा वेग याहून जास्तच असणार.

भुतं ओळखा

नोबेयामासारख्या अनेक डिश जोडलेल्या दुर्बिणीचं, म्हणजे इंटरफेरोमीटरचं चित्र कॅमेऱ्याचा फोटो नसतं, डिशच्या जोड्यांमधून ते गणिताने उभं केलेलं असतं. त्यामुळे त्यात भुतं असतात. तेजस्वी फ्लेअरभोवती सरळ रेषेत, सारख्या अंतरावर उजळ-काळे पट्टे दिसले तर ते पार्श्वझोत (साइडलोब), म्हणजे मुख्य झोताच्या बाजूला उमटणाऱ्या खोट्या प्रती. पट्टा नेमका कडेबाहेर पडला तर प्रॉमिनन्ससारखाच दिसतो. परीक्षा सोपी आहे: फ्लेअर उजळला की भूतही उजळतं, फ्लेअर विझला की तेही विझतं. प्रॉमिनन्सला फ्लेअरच्या तालावर नाचायचं कारण नाही. शंका असेल तर ३०४ अँगस्ट्रॉमच्या चित्रात तीच जागा पाहा.

दुसरं भूत ३४ गिगाहर्ट्झचं. नोबेयामाच्या डिशमधलं मूळ अंतर १.५२८ मीटर, त्यामुळे १७ गिगाहर्ट्झला सूर्य दर ४० आर्कमिनिटांनी पुन्हा उमटतो. खरा सूर्य ३२ आर्कमिनिटांचा, म्हणून भागतं. ३४ ला तेच अंतर २० आर्कमिनिटांवर येतं आणि सूर्याच्या प्रती एकमेकांवर चढतात. ३४ चं चित्र आधी पाहून ‘केवढा मोठा प्रॉमिनन्स!’ म्हणणारे बरेच भेटतात, त्यांनी शेजारच्या सूर्याची कड पाहिलेली असते.

दोन वारंवारतांतून घनता

हा भाग अवघड नाही, नाजूक आहे. एकाच डागाचं ब्राइटनेस टेंपरेचर १७ आणि ३४ दोन्हींवर वाचा. आधी ३४ चं चित्र १७ च्या इतकंच पुसट करा, नाहीतर तुलना फसते. दोन्ही आकडे सारखे आले तर वायू अपारदर्शक आहे, आकडा म्हणजेच तापमान. ३४ चा आकडा १७ च्या पावपट असेल तर वायू पूर्ण पारदर्शक. खरी मजा मधल्या गुणोत्तरात.

समजा १७ ला ६,००० आणि ३४ ला २,४०० केल्व्हिन मिळाले. गुणोत्तर ०.४. ८,००० केल्व्हिनच्या वायूत १७ ला टाऊ १.४ असेल तर नेमकं असंच दिसतं. जाडी ५,००० किलोमीटर धरून उलटं गेलं की दर घन सेंटीमीटरला सुमारे २७० कोटी इलेक्ट्रॉन येतात. प्रॉमिनन्स मात्र अखंड ठोकळा नसतो. तो धाग्यांचा गुंता असतो आणि नोबेयामाला धागे सुटे दिसत नाहीत, त्यामुळे धाग्यांमधली घनता याहून जास्त असणार. वहीत ‘सरासरी’ हा शब्द लिहायला विसरू नका.

उद्रेकानंतर

प्रॉमिनन्स उडून गेला की मीटर-लहरींची पाळी येते. ई-कॅलिस्टो हे जगभरच्या छोट्या सौर रेडिओ केंद्रांचं जाळं आहे. भारतात गौरीबिदनूर आणि उटी इथे त्याची केंद्रं आहेत आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या फाइली सगळ्यांना खुल्या असतात. उद्रेकापासून पुढचा तासभर पाहा. सेकंदा-दोन सेकंदांत वरून खाली कोसळणारी उभी रेघ म्हणजे टाइप-तीन, इलेक्ट्रॉनांचा झोत. काही मिनिटं घेत तिरकी उतरणारी, बऱ्याचदा जोडीने येणारी पट्टी म्हणजे टाइप-दोन, सीएमईपुढच्या धक्कालहरीची खूण. तिची वारंवारता घसरते कारण धक्का वर, विरळ वायूत चाललेला असतो. ८० मेगाहर्ट्झला मूळ पट्टी (जोडीतली खालच्या वारंवारतेची) असेल तर तिथे दर घन सेंटीमीटरला सुमारे ८ कोटी इलेक्ट्रॉन आहेत. सावकाश निघालेल्या प्रॉमिनन्सबरोबर टाइप-दोन सहसा येत नाही, म्हणून कोरी फाइल दिसली तर चुकलो असं समजू नका.

आजचा सूर्य हवा असेल तर नोबेयामा नाही, पण सायबेरियात बदारीला ३ ते २४ गिगाहर्ट्झवर काम करणारा रेडिओहेलिओग्राफ आहे, तोही टी आकाराचा. त्याची वेळ आपल्याशी बरीच जुळते. सकाळी ३०४ च्या चित्रात कडेवर कमान दिसली तर त्या कडेचा कोन वहीत टिपा, आणि बदारीची चित्रं आली की वरच्या वारंवारतेपासून उघडायला लागा. खालच्या वारंवारतांवर तोच प्रॉमिनन्स जाडजूड आणि पुसट दिसेल, आणि किती खाली गेल्यावर तो हरवतो हेही टिपून ठेवा.